कच्चाच टाका घाला, मावशी

या, आत या. असं उंबऱ्यात उभं राहून काय बघताय? इतक्या दिवसांनी आलात, आणि आलात ते बाहीचं बटण एका दोऱ्यावर लोंबवत. घरात कुणी बघत नाही का तुमच्याकडं? बसा इथं, मशीनजवळ. अजून जवळ. हात पुढं करा. शर्ट काढू नका, अंगावरच लावून देते. फक्त दोऱ्याचा हा तुकडा दातात धरा. अंगावर शिवताना धरतात आमच्याकडं. त्यानं काय साधतं ते मला माहीत नाही, पण समोरचं माणूस मध्ये बोलत नाही आणि मला नीट सांगता येतं.

तोंड मोकळं असतं तर तुम्ही म्हणाला असता, बटण पक्कं लावा. सगळे तेच म्हणतात. आख्ख्या जन्मात मला उलटं सांगणारी एकच भेटली. आली की घडी केलेला खाकी शर्ट माझ्या मांडीवर टाकायची, बाहीवर बोट ठेवायची आणि म्हणायची, "कच्चाच टाका घाला मावशी. काढायचीच हाय."

तिचं नाव मी सांगणार नाही. त्याला कारण आहे, शेवटी कळेल.

माझं दुकान कॉलेजच्या फाटकासमोर. दुकान म्हणजे काय, एक मशीन, एक बाकडं, वर पत्रा. ब्लाउज, फॉल-पिको, शाळेच्या लेकरांचे गणवेश. आणि परेडच्या पोरांच्या फिती. कॉलेजात छात्रसेना असते ना, खाकी कपडे, टोपीला लाल तुरा, जड बूट, तिला आमच्या गावात सगळे नुसतं 'परेड' म्हणतात. त्या परेडमध्ये पोरांना हुद्दे मिळतात. बाहीवर एक फीत लागली की लान्स कॉर्पोरल, दोन लागल्या की कॉर्पोरल, तीन म्हणजे सार्जंट. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला ही औषधांची नावं वाटली होती. त्या परेडमध्ये हुद्दे सगळे इंग्रजी, हुकूम सगळे हिंदी, आणि चुकलं की जे ऐकायला मिळतं ते मराठीत.

फीत फुकट मिळत नाही. पहाटेची परेड चुकवायची नाही. बुटात तोंड दिसलं पाहिजे. कॅम्पला जाऊन सतरंजीवर झोपायचं, तिथली आमटी गोड मानून घ्यायची, रायफल उघडून परत जोडायची. लेखी परीक्षा द्यायची. मग सर मैदानावर उभं करून हुकूम द्यायला लावणार. त्यातून नाव निघालं तर ते शहरात बटालियनला जाणार, तिथून मंजूर होऊन येणार. एवढं सगळं पार पडल्यावर पोरगं माझ्याकडं येतं आणि मी त्याच्या बाहीवर चार बोटांचं कापड शिवते. मला तर आमदारकी सोपी वाटते.

आपल्याकडं जे काम फोनवर होत नाही त्यावर लोकांचा विश्वास बसत नाही. गावातल्या एका पुढाऱ्याचा पुतण्या परेडमध्ये होता. पुढाऱ्यानं सरांना फोन लावला, पोराचं फितीचं तेवढं बघा म्हणून. परेडचे सर एरवी भूगोल शिकवतात. आवाज मऊ, स्वभाव त्याहून मऊ. ते म्हणाले, फीत समोर दुकानात मिळते, वाटंल तेवढी घ्या.

पुढारी खरंच आले माझ्याकडं. गाडीतून उतरले नाहीत, काच खाली केली.

"मावशी, चार फिती द्या."

म्हटलं, "साहेब, जास्तीत जास्त तीनच असतात."

"बाकीच्यांना तीन असू द्या की."

म्हटलं, चार फितींचा हुद्दाच नाही. ते जरा विचारात पडले. मग म्हणाले, कुणी काढलेला नसंल अजून. त्यांचं खरं होतं, कुणी काढलेला नव्हता. पुतण्या मात्र गुणाचं पोर. चुलत्याला न सांगता गपचूप पहाटे यायचा, घाम गाळायचा, आणि पुढं त्यानं तिन्ही फिती स्वतःच्या पायावर मिळवल्या. प्रत्येक वेळी सांगायचा, मावशी, दुहेरी शिलाई मारा. मी मारायची. त्याची फीत काढायची म्हटली असती तर शर्ट फाटला असता.

आणि त्याच बाकड्यावर शेजारी बसून ही म्हणायची, मला कच्चाच.

दिसायला काही विशेष नव्हती. काळीसावळी, सडसडीत, हनुवटी जरा पुढं. बोलायला लागली की मात्र बाकड्यावरची माणसं सरकून बसायची. एवढा आवाज त्या अंगात कुठून आला असं सगळ्यांना वाटायचं. मला माहीत होतं कुठून आला ते.

तिचा बाप ट्रॅक्टर चालवतो. ट्रॅक्टर दुसऱ्याचा, हात याचे. हंगाम सुरू झाला की ढोकीच्या कारखान्याला ऊस वाहायचा, एरवी नांगरट. आता दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर मागं घेणं म्हणजे काय असतं ते तुम्हाला कळायचं नाही. जरा चुकलं की मागची ट्रॉली दुमडते. त्यासाठी मागं एक माणूस उभा राहून ओरडावा लागतो. शाळेला सुट्ट्या लागल्या की हा पोरीला बरोबर न्यायचा. ती मागं उभी. इंजिन धडधडतंय, वर टेपवर गाणं लागलेलं, आणि ही ओरडणार, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... थांब!" येऊ द्या हे बापाला, थांब हे ट्रॉलीला. बापाला तिनं कधी अरे-तुरे केलं नाही. तो 'थांब' कानावर पडला की बापाचा पाय ब्रेकवर जायचा. गाणं बंद करायची कधी गरज पडली नाही. मला एकदा म्हणाला होता, "आक्का, आरशात बघत न्हाय मी. पोरगी मागं आसली का आरसा कशाला?"

म्हणून परेडमध्ये काय झालं बघा. कॉलेजचं मैदान आणि कारखान्याचा रस्ता यांच्यामध्ये एक कमरेएवढी भिंत. हंगामात उसाच्या गाड्यांची रांग, प्रत्येकीवर वेगळं गाणं. सर पोरांची परीक्षा मुद्दाम त्याच दिवसांत घेतात. तुकडी पार पलीकडच्या टोकाला, आणि हुकूम देणारा इकडं झाडाखाली. बाकीची पोरं घसा फाडायची. तुकडी अर्धी वळायची, अर्धी तशीच पुढं जायची आणि गवतात शिरायची. एकानं तर सरांना विचारलं, सर, माईकची सोय होईल का. हिनं पहिल्याच दिवशी "पीछे मुड़" म्हटलं तर तुकडी वळलीच, शिवाय माझ्या दुकानात ब्लाउजचं माप द्यायला आलेली बाईसुद्धा वळली.

पहिली फीत मिळाली त्या दिवशी बापाला घेऊन आली. तो बाकड्यावर बसला, चहा घेतला, मला शिवताना बघत राहिला.

"ह्याचं काय मिळतं?" त्यानं विचारलं.

"काय न्हाय, अण्णा," ती म्हणाली.

"मग कशाला?"

"मग दुसरी मिळती."

बाप हसला नाही. तो हसतच नाही फारसा, नुसता मिशीवरून अंगठा फिरवतो. पण त्याला ते पटलं असावं. कारण बारावी झाली, स्थळं यायला लागली, आणि उमरग्याकडचं एक बरं स्थळ आलं, किराणा दुकान असलेलं, तेव्हा त्यानं याच बाकड्यावर माझ्यासमोर पोरीशी करार केला. कागदावर नाही. तो कागद मानत नाही.

म्हणाला, "फीत वाढंल तवर शिक. मी पावण्यांना थांबवतो. ज्या साली फीत कमी झाली त्या साली मांडव. पुना रडायचं न्हाय."

"आणि वाढतच गेली तर?"

"मग मी रडीन."

तेव्हा तिचं काय चाललं होतं ते मला ठाऊक होतं. तिला फौजेत जायचं होतं. परेडची सगळ्यात वरची परीक्षा पास झालं की भरतीत त्याचा उपयोग होतो, असं सर सांगायचे. म्हणजे पदवीपर्यंत कॉलेज हवं. कॉलेज हवं तर फीत हवी. बापाला वाटलं आपण पोरीला एका वर्षात अडकवलं. पोरीला वाटलं बापानं रस्ता मोकळा केला. दोघंही माझा चहा पिऊन खूश होऊन गेले.

तेव्हापासून तिचा शर्ट दोरीवर वाळत पडला की बाप आधी बाही हातात घ्यायचा. ट्रॅक्टरवरून उतरला की हात धुवायच्या आधी दोरीकडं. एक फीत. वर्षानं दोन. तेल लागलेल्या बोटाचा डाग पडायचा त्या बाहीवर, आणि परेडला डाग चालत नाही. मग ती माझ्याकडं यायची, मावशी, डाग काढायला खडू द्या, अण्णांनी पुन्हा तपासलीय.

कच्च्या टाक्यानं एकदा घात केलाच. कॅम्पमध्ये मोठे साहेब रांगेतून तपासणी करत फिरत होते, आणि हिच्यासमोर आले तेव्हा फीत एका टोकानं सुटून लोंबत होती. हे तिनंच मला येऊन सांगितलं. सावधानमध्ये उभं असताना हात लावता येत नाही, खाली बघता येत नाही. साहेबांनी विचारलं, ये क्या है? ही म्हणाली, "सर, अगली के लिए जगह बना रही है." साहेब पुढं गेले, दोन पोरं सोडून थांबले, त्यांचे खांदे हलल्यासारखे वाटले म्हणे. मग तसेच परत आले आणि हिला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या.

मी म्हटलं, आता तरी पक्का टाका घालू का? तर म्हणाली, "न्हाय मावशी. कच्चाच घाला. फकस्त जरा दमदार कच्चा घाला."

तीन फिती झाल्या. ती सार्जंट, पुतण्याही सार्जंट. आता त्याच्या वर एकच मोठी जागा, सगळ्या परेडची. तिला म्हणतात अंडर ऑफिसर. सव्वीस जानेवारीला झेंड्यासमोर अख्खी परेड त्याच्या नाहीतर तिच्या हुकमावर चालणार. हजेरी दोघांची सारखी, कॅम्प सारखे, लेखी परीक्षेत तो थोडा पुढं. शेवटी सरांनी दोघांना त्या झाडाखाली उभं केलं आणि उसाच्या गाड्या यायची वाट बघितली.

मंजुरी आली तेव्हा थंडी पडली होती. ती आली, शर्ट मांडीवर टाकला, बाहीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "तिन्ही काढा, मावशी."

मी म्हटलं, काय करून बसलीस गं? तर हसत सुटली. म्हणाली, मी अंडर ऑफिसर झाले. अंडर ऑफिसरला बाहीवर काही नसतं. खांद्यावर एक छोटी पट्टी असते, ती तयारच मिळते, शिवावी लागत नाही.

बघा आता. इतकी वर्षं चढून वर जायचं आणि वर गेल्यावर बाही मोकळी. मी टाक्याचं एक टोक धरून ओढलं. कच्चाच होता, सर्रकन निघाला. तिन्ही फिती माझ्या हातात आल्या आणि शर्टावर खूणसुद्धा राहिली नाही. मी म्हटलं, अण्णाला सांगितलंस का? म्हणाली, अण्णा दोन दिवस कारखान्यावरच हायत, गाड्यांचा नंबर लागंना. आले की सांगते. मी फिती बटणांच्या डब्यात टाकल्या.

पण बाप आला तो ती कॉलेजात असताना. आणि आला तसा दोरीकडं गेला.

पोरीला त्यानं एक शब्द विचारला नाही. माणूस शब्दाचा पक्का, आणि शब्दाचा पक्का माणूस फार तापदायक असतो. त्यानं सरळ उमरग्याला फोन लावला. सव्वीस जानेवारीच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे बघायला येणार असं ठरवून टाकलं. मग माझ्याकडं आला. बाकड्यावर बसला नाही.

"आक्का, फिती कुठं हायत?"

मी डबा पुढं केला. त्यानं बटणं बाजूला सारून तिन्ही फिती बाहेर काढल्या, तळहातावर ठेवल्या.

"तुम्हीच काढल्या?"

"मीच काढल्या. अहो, ती वर गेली. आता खांद्यावर पट्टी आहे तिच्या."

"केवढी?"

मी बोटानं दाखवली. त्यानं माझ्या बोटाकडं बघितलं, हातातल्या फितींकडं बघितलं.

"तीन गेल्या आन् बोटभर एक आली," तो म्हणाला. "म्हंजी कमीच झाली की, आक्का."

मी परोपरीनं सांगितलं. सरांना विचारा म्हटलं. तर म्हणाला, सर तिचेच, तुमीबी तिच्याच, तुमी चांगलंच सांगणार. वर चढलेल्या माणसाचं काढून घेतात हे कुठं आयकलंय का? चेअरमनला गाडी देतात, काढून घेत न्हाईत. जगाची रीत तो बरोबरच सांगत होता. फिती डब्यात परत टाकून निघून गेला.

पोरीला हे रात्रीच्या जेवणात आईकडून कळलं. तिनं सांगून बघितलं असेल, पण तिच्या बापाला कानानं काही पटत नाही. दुसऱ्या दिवशी माझ्याकडं आली तेव्हा डोळे सुजलेले होते, हनुवटी मात्र होती तिथंच. मी म्हटलं, मी परत शिवून देते तीन फिती, पाहुणे जाईपर्यंत राहू दे. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी उचललेला डबा परत ठेवला.

"सव्वीस जानेवारीला मैदानावर या म्हटलं मी अण्णांना," ती म्हणाली. "तर म्हणाले, ऊस काय झेंडा बघून थांबत न्हाय."

सव्वीस जानेवारीला मी भिंतीपाशी उभी होते. दरवर्षी असते, माझी शिलाई कशी दिसते ते बघायला. मैदान पोरांनी भरलेलं, मंडपात पाहुणे, त्यात पुढारीही होते. झेंडा झाला. मग परेड निघाली. सगळ्यात पुढं ही एकटी, बाही मोकळी. तिच्या मागं पहिल्या ओळीत कडेला पुतण्या, तीन फिती, दुहेरी शिलाई. आणि भिंतीच्या पलीकडं उसाच्या गाड्या चाललेल्या. ऊस खरोखर थांबत नव्हता.

परेड मंडपासमोर आली. आणि तेवढ्यात एक गाडी भिंतीशी आली, मोठ्यानं गाणं वाजवत. मी वळून बघितलं तर तिचा बाप. मान ताठ, नजर रस्त्यावर. मैदानाकडं बघायचं नाही असं ठरवून निघालेला माणूस कसा दिसतो, तसा.

तिला तो दिसलेला नव्हता. कसा दिसणार, तिचं तोंड मंडपाकडं. तिनं श्वास भरला आणि हुकूम दिला.

"परेऽऽड... थम!"

शंभरेक बूट एकदम आपटले. आणि माझ्या पाठीमागं ब्रेकचा किंकाळल्यासारखा आवाज आला.

ट्रॅक्टर जाग्यावर उभा होता. दोन्ही ट्रॉल्या हिसका बसून करकरल्या, वरचा ऊस थोडा घसरला. मागची गाडी थांबली, तिच्या मागची थांबली, पार वळणापर्यंत सगळ्या थांबल्या. भोंगे वाजायला लागले. आणि हा बाबा ब्रेकवर पाय देऊन बसलेला. आपण का थांबलो ते त्याचं त्यालाही कळलं नसावं. मग त्यानं हळूच मान वळवली.

ट्रॅक्टरची बैठक उंच. त्याला तिथून सगळं दिसत होतं, आम्हा भिंतीवाल्यांपेक्षा नीट. पोरगी एकटी पुढं उभी. मागं सगळी कॉलेजची पोरं दगडासारखी. त्यात तो तीन फितीवाला. त्याच्या नाकावर माशी बसली होती, मला भिंतीपासूनही दिसत होती, आणि तो तिला हाकलत नव्हता. कारण हिनं अजून हला म्हटलेलं नव्हतं.

मागचा गाडीवाला उतरून आला, काय झालं, बंद पडली का म्हणून ओरडायला लागला. बापानं गाणं बंद केलं. त्याला हातानं गप्प राहा अशी खूण केली, आणि पाय ब्रेकवर तसाच ठेवला. मंडपात कुणीतरी भाषण करत होतं. भाषण संपलं. तिनं "विश्राम" म्हटलं, पुन्हा "सावधान" म्हटलं, मग "तेज चल" म्हटलं. बूट उचलले गेले. तेव्हा कुठं त्यानं पाय काढला. परेड तिकडं गेली, उसाची रांग इकडं सरकली.

जाताना मला दिसला तो. मिशीवरून अंगठा फिरवत होता. गाडी थांबवली नाही, पण वरूनच म्हणाला, "आक्का, त्या तीन फितीवाल्याला लई येळ उभा केला की हिनं."

संध्याकाळी आला, बाकड्यावर बसला. उमरग्याला फोन केला म्हणाला, येऊ नका म्हणून सांगितलं. चहा संपवला आणि म्हणाला, "बाही मोकळी म्हंजी मोठा माणूस, असं हाय तर. आधी सांगायचं ना, आक्का."

मी आधीच सांगितलं होतं. त्याच्या कपात आणखी थोडा चहा ओतला.

पदवी झाली, वरची परीक्षा झाली, भरतीत ती लागली आणि गेली. मोठ्या पोस्टवर नाही, साधी शिपाई म्हणून. जाताना शर्ट शिवायचा नव्हता, तरी येऊन बसली माझ्याजवळ. म्हणाली, मावशी, तिकडं इथल्या हुद्द्याचं काही चालत नाही. सगळ्यांना पहिल्यापासून सुरुवात. मी म्हटलं, मग तू एवढं कशाला केलंस? तर म्हणाली, "तिथवर जायला." आणि डब्यातल्या फिती बघून घेतल्या. नेल्या नाहीत. राहू द्या म्हणाली.

आता माझी पंचाईत कुठं झाली ते ऐका. प्रशिक्षण झाल्यावर तिनं वर्दीतला फोटो पाठवला. रंगीबेरंगी डागांची वर्दी, ताठ मान, हनुवटी पुढं, आणि बाही मोकळी. नवी शिपाई, बाहीवर काय असणार. बापानं फोटो मोठा करून घेतला, काचेत बसवला, आणि गावभर दाखवत सुटला. बाही दाखवायचा. म्हणायचा, बघा, एकबी फीत न्हाय. मोठी हाफिसर हाय.

गावाला काय कळतंय. आणि ज्यांना कळत होतं, म्हणजे मी आणि सर, ते दोघंही गप्प बसले. सरांनी एकदा माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं बघितलं, आणि ते भूगोल शिकवायला निघून गेले. पुतण्याही गप्पच बसला. तो आता चुलत्याच्या पेट्रोल पंपावर बसतो. तीन फितींचा शर्ट अजून आहे त्याच्याकडं, तिथंच खुंटीला टांगलेला.

अशी काही वर्षं गेली. बाप आता तिच्याशिवाय ट्रॉल्या मागं घेतो, आरसा बघून. हळू घेतो. मागं उभं राहायला कुणी दिलं तर नको म्हणतो.

परवा तिचा फोन आला. कुठून आला ते गाव मला उच्चारता येत नाही, बर्फाचं आहे एवढं खरं. आवाज तोच, मी फोन कानापासून लांब धरला. म्हणाली, "मावशी, पहिली फीत लागली."

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. तिकडं पहिली फीत लागायला वर्षं जातात, इथल्यासारखं नसतं. मग एकदम लक्षात आलं. मी विचारलं, अण्णाला सांगितलंस?

ती म्हणाली, अण्णांनी सांगितलंय, सुट्टीला येताना वर्दी घालूनच ये. स्टँडवर हलगी लावणार हायत. सगळ्या गाववाल्यांना बोलावलंय. "मावशी, त्यांना काय सांगायचं? मोठी हाफिसर हुती, आता एका फितीवर आली?"

मी म्हटलं, काही काळजी करू नकोस. स्टँडच्या आधीच उतर आणि रिक्षा करून माझ्याकडं ये. टाका कच्चाच असेल तुझा, ओढते आणि काढते. हलगी झाली की परत लावू.

तर हळूच म्हणाली, "न्हाय मावशी. हितं पक्का घालावा लागतो."

मग म्हणाली, माझ्या त्या तिन्ही हायत ना डब्यात? म्हटलं, आहेत. म्हणाली, मग त्याच अण्णांपुढं ठेवून तुम्हीच समजावा.

झालं तुमचं बटण. पक्कं लावलंय. सोडा तो दोरा दातातला. आता कळलं ना नाव का नाही सांगितलं ते? बापाला रस्त्यात कुणाकडून कळण्यापेक्षा बसून, चहा घेत, नीट समजावलेलं बरं. पण मी एकटीनं कसं सांगू? याच तोंडानं मी त्याला सांगितलं होतं की मोकळी बाही मोठी. आता त्याच तोंडानं सांगायचं की ही एक फीत त्या मोकळ्या बाहीपेक्षा मोठी आहे. तो म्हणेल, आक्का, तुमी दरवेळी उलटंच सांगता. तुमच्यासारखं बाहेरचं, शिकलेलं माणूस असलं तर तो निदान ऐकून तरी घेईल. पोरगी यायच्या आत या. बटण तुटायची वाट बघत बसू नका, तसेच या, लवकर या.